पाणी आलं तर

पुस्तिका चकचकीत होती.
अभिनंदननं ती ताटाशेजारी ठेवली,
दिवस बुडायच्या आत, आमच्या रोजच्या जेवणवेळेला.
पहिल्या पानावर कुल्हडातून उठणारी वाफ,
दुसऱ्यावर आकडे:
अडीच लाख नाव वापरायचे,
सात फर्निचरचे नि मशीनचे,
मग दर महिन्याला विक्रीवर सहा टक्के,
आणि अठरा महिन्यांत, ठळक अक्षरात,
सगळं वसूल.

पद्मा म्हणाली, पी हळद नि हो गोरी.

मी काही बोललो नाही.
चौतीस वर्षं मार्केट यार्डात हळद तोलली.
व्यापारी हळकुंड मोडायचे, आतला रंग बघायचे,
मगच भाव.
ही पुस्तिका कुठून मोडायची
ते मला कळेना.

सोमवारपासून हरभट रोडच्या त्या गाळ्यासमोर
स्कूटर स्टँडला लावून बसलो.
जुन्या तोलवहीत रेघा ओढल्या,
चार उभ्या, एक आडवी, पोती मोजतात तशा.
सोमवारी सकाळी चारशे बारा माणसं गेली.
मंगळवारी भुरभुर होती, दोनशेच.
थांबली किती?
समोरच्या गाड्यावर, मुबारकच्या,
दहा रुपयांच्या चहाला, एकसष्ट.
त्यातला एक मी होतो, दोन वेळा.
ते वजा करायचं राहून गेलं.

पुण्याहून कंपनीचा मुलगा आला, ऋत्विज नावाचा.
लाल ठिपक्याच्या यंत्रानं त्यानं गाळा मोजला.
फ्रंटेज छान आहे काका, म्हणाला.
मी विचारलं, पाणी आलं तर?
म्हणाला, पाणी फिल्टरचंच वापरायचं,
ते अ‍ॅग्रीमेंटमध्येच आहे.

तो गेल्यावर मी भिंतीला नख लावलं.
नव्या क्रीम रंगाखाली
माझ्या छातीच्या उंचीवर
कृष्णेची रेघ निघाली, तपकिरी,
कुणी पट्टी धरून मारावी तशी सरळ.
भाडं कमी का, ते कळलं.

गुरुवारी तासगावला गेलो.
त्याच नावाचं दुकान, तोच पिवळा बोर्ड.
मालक सर्जेराव तोंडभर बोलला,
रविवारी पाय ठेवायला जागा नसते, वगैरे.
चहा दिला. वाईट नव्हता.
साखर, पावडर, मसाला, सगळं पुडीतून,
इथं प्यालो काय, नाशकात काय, सारखाच.
निघताना पाहिलं,
गल्ल्यावरच्या त्याच्या बायकोनं
पायाशी ठेवलेला थर्मास उघडला
नि घरचा चहा ओतून घेतला.

एस.टी.त वाक्य जुळवत आलो.
नको रे. पैसे बँकेत राहू देत.
व्याज थोडं, पण रात्री झोप येते.

घरी आलो तर अभिनंदन जागा.
पुण्यातली नोकरी गेल्यापासून
नऊच्या आत उठला नव्हता हा पोरगा.
पुस्तिका आली त्या दिवसापासून
सहाला उठतो, दाढी करतो,
आरशासमोर हळूच म्हणून बघतो,
या, बसा, काय देऊ?
मला म्हणाला, बाबा,
नाव दुसऱ्याचं का असेना,
उभं राहायला एक बोर्ड पाहिजे डोक्यावर.

शंभर किलोच्या काट्यावर
मी पाव किलोचीही चूक केली नाही कधी.
हे वाक्य कशानं तोलायचं?

टोकनची मुदत शनिवार.
एकावन्न हजार, परत न मिळणारे.
चेकवर तारीख घातली आहे, सही नाही.

आज सकाळी सातला त्याला बरोबर नेलं.
भिंतीवरची रेघ दाखवली.
त्यानं हात लावून बघितला,
मग स्वतःच्या छातीला लावला.
त्याला तिथंपर्यंत पोचत नव्हती, तो उंच आहे.
वही त्याच्याकडे दिली, म्हटलं, मोज.

थोड्या वेळानं वळून पाहिलं
तर वही स्कूटरच्या सीटवर उघडी,
आठ-दहाच रेघा झालेल्या,
आणि तो रस्त्यापलीकडे
गाडा पुसणाऱ्या मुबारकला विचारत होता,
दूध किती लागतं हो रोज?